‘इस्कटून सांग’ आणि ‘एक्स्प्लेन’

कोल्हापुरात बोलणं डोक्यात शिरलं नाही की समोरचा म्हणतो, “जरा इस्कटून सांग की.” पुस्तकी मराठीत विस्कटणं म्हणजे बिघडणं. केस विस्कटतात, कपड्याची घडी विस्कटते, बसलेला संसार विस्कटतो. मग ज्याला समजून घ्यायचंय तोच माणूस सांगणाऱ्याला विस्कटायला का लावतो, असा प्रश्न बाहेरगावच्यांना पडतो. त्याचं उत्तर रानात आहे. उसाच्या लावणीआधी एकरी १० ते १२ टन शेणखत ट्रॉलीनं येतं आणि ढिगाढिगांनी रानात पडतं. ढीग तसेच राहिले तर ढिगाच्या जागचा ऊस काळाभोर होतो आणि मधल्या पट्ट्यातला पिवळा पडतो. शिवाय उन्हात उघड्या पडलेल्या ढिगातलं नत्र हवेत उडून जातं. म्हणून ढीग खोऱ्यानं इस्कटायचे आणि लगोलग कुळव, म्हणजे माती हलवायचं औत, मारून मातीत मिसळायचे. एका जागी दाटून बसलेलं सगळीकडं सारखं पोचवायचं, हे इस्कटणं. सांगणाऱ्याकडूनही तेच मागितलं जातं: तुझ्यापाशी ढीग आहे, तो माझ्या रानभर पसर.

‘एक्स्प्लेन’ या इंग्रजी क्रियापदाच्या पोटात याच्या पुढची पायरी आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘स्पष्ट करणे’ असा एक ठरीव प्रतिशब्द दिलेला असतो आणि तिथंच विषय संपतो. खरं तर हा शब्द सपाटीकरणाचा आहे.

लॅटिनमध्ये ‘प्लानुस’ म्हणजे सपाट. त्याला ‘एक्स’ हा उपसर्ग लागून ‘एक्स्प्लानारे’ हे क्रियापद झालं. ‘एक्स’चा मूळ अर्थ बाहेर, पण कित्येक क्रियापदांत तो ‘पुरतं, शेवटपर्यंत’ अशा अर्थानं येतो. म्हणजे एक्स्प्लानारे म्हणजे पुरतं सपाट करणं, उंचसखलपणा काढून टाकणं. बोलणं किंवा विषय सोपा करून सांगणं हा लाक्षणिक अर्थ लॅटिनमध्येच रुजला होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजीत आला तो ‘मनाला कळेल असं करणं’ हाच अर्थ घेऊन.

मूळचा भौतिक अर्थ मात्र इंग्रजीतूनही लगेच गेला नाही. १६६४ साली इंग्रज लेखक जॉन एव्हलिन यांनी वनवृक्षांवर ‘सिल्व्हा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात झाडाच्या कळ्या पानांत ‘एक्स्प्लेन’ होतात, असा प्रयोग आहे. चुरगळून मिटलेली कोवळी पालवी हळूहळू ताणली जाऊन सपाट पान होतं, त्याला त्यांनी हे क्रियापद लावलं. चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी उघडताना पाहिली असेल, तर या शब्दाचा अर्थ कोशाशिवाय डोळ्यांपुढं उभा राहील.

आता सपाट करणं म्हणजे काय, हे नीट पाहू, कारण शब्दाचा जीव तिथं आहे. नांगरट झाली, कुळवणी झाली तरी रानात ढेकळं राहतात. त्यावर मैंद फिरवतात. मैंद म्हणजे जड लाकडी फळी, पूर्वी बैलांमागं आणि आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरमागं. याची वेळ साधावी लागते. रान फार ओलं असलं तर ढेकूळ फुटत नाही, नुसतं दबतं आणि पुढं वाळून विटेसारखं होतं. रान कडक वाळलं असलं तर मैंद ढेकळावरून उड्या मारत जातो. वाफसा, म्हणजे मातीत ना फार ओल ना फार कोरड, असतानाच ढेकूळ भुगा होतं. आणि सपाट म्हणजे टेबलासारखं सपाट नव्हे, पाणी सरीतून पुढं सरकेल एवढा बेताचा उतार लागतोच. हे जमलं नाही की त्याचा त्रास पाणी पाजताना होतो. खोलगट जागी पाणी तुंबतं, उंचवट्यावरची उसाची कांडी कोरडी राहते, आणि दारं मोडणारा, म्हणजे सरीसरीत पाणी वळवणारा, माणूस रात्रभर खोरं घेऊन माती इकडची तिकडं ओढत बसतो. समजावून सांगतानाही असंच होतं. ऐकणाऱ्याची समजूत मधेच अडली, तर मागं कुठं तरी एक ढेकूळ तसंच राहिलेलं असतं. ते बहुतेक वेळा न सांगितलेला एखादा शब्द असतो, नाहीतर ‘हे तर माहीतच असेल’ म्हणून गाळलेली एखादी पायरी.

‘प्लानुस’चं गणगोत मोठं आहे. ‘प्लेन’ म्हणजे मैदान, साधं, सरळ. भूमितीतलं प्रतल तेही प्लेन, फक्त स्पेलिंग वेगळं. सुताराच्या रंध्याला इंग्रजीत प्लेन म्हणतात तेही यातूनच. पियानो या वाद्याचं नावसुद्धा इथलंच: इटालियनमध्ये ‘पियानो’ म्हणजे सपाट, गुळगुळीत, म्हणून हळू आवाजाचं, आणि वाद्याचं पूर्ण नाव पियानोफोर्टे, म्हणजे हळू आणि जोरात. पण मराठी माणसाला सगळ्यात जवळचा नातेवाईक मुंबईत भेटतो. एस्प्लनेड! हा शब्द थेट ‘एक्स्प्लानारे’चाच वंशज आहे. किल्ल्याच्या तटासमोरची झाडंझुडपं, घरं, उंचवटे काढून मोकळी सपाट केलेली जागा म्हणजे एस्प्लनेड. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तटावरच्या तोफांपुढं अडथळा राहू नये, हा त्यामागचा हेतू. मुंबईच्या फोर्टसमोर अशी विस्तीर्ण जागा होती. आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानं तिचेच उरलेले तुकडे. म्हणजे एक्स्प्लेन केलेली जमीन म्हणजे एस्प्लनेड, तिथं लपायला जागा नाही.

या मुळातूनच एक स्पेलिंगची चूक सुटते, जी दहावीपासून एम.ए.पर्यंतच्या वह्यांत सापडते. क्रियापदात पी-एल-ए-आय-एन आहे, म्हणून पोरं नामातही ‘आय’ घालतात. नामात ‘आय’ नाही: ई-एक्स-पी-एल-ए-एन-ए-टी-आय-ओ-एन. क्रियापद इंग्रजीत आलं तेव्हा त्यातही ‘आय’ नव्हता. ‘प्लेन’ म्हणजे साधा हा शब्द फ्रेंचमार्गे ‘आय’ घेऊन आधीच आला होता. अर्थ जवळचा, उच्चार जवळचा, म्हणून लोकांनी एक्स्प्लेनचं स्पेलिंग त्याच्या वळणावर नेलं. नाम मात्र लॅटिनच्या मूळ रूपाला धरून राहिलं. ‘क्लेम’च्या ओढीनं प्रोक्लेम आणि एक्स्क्लेम या क्रियापदांत ‘आय’ शिरला, पण प्रोक्लमेशन आणि एक्स्क्लमेशन ही नामं तशीच राहिली. या तीन जोड्या एकत्र लक्षात ठेवल्या की पुन्हा चूक होत नाही. उच्चारही त्याबरोबर बदलतो: एक्स्प्लेनमध्ये ‘प्ले’ लांब, एक्स्प्लनेशनमध्ये जोर सरकून ‘ने’वर जातो आणि ‘प्ल’ आखूड होतो.

एक्स्प्लेनचा एक जोडीदार आहे, ‘एक्स्प्लिकेट’. दिसायला सारखा, पण कुळी वेगळी. लॅटिन ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं, म्हणून ‘एक्स्प्लिकारे’ म्हणजे घडी उलगडणं. मराठीत याला जन्मजात प्रतिशब्द आहे: उलगडणे, उलगडा करणे. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात गादीवर घडी पडते तेव्हा आधी फक्त काठ आणि अंगाचा रंग दिसतो. पदर आत असतो. दुकानदार एक एक घडी मोडत जातो आणि शेवटी पदर समोर पसरतो. तिथं नवीन काही तयार होत नाही, जे आत होतं तेच बाहेर येतं. म्हणून कवितेचं, कायद्याच्या कलमाचं, तत्त्वज्ञानाच्या सूत्राचं एक्स्प्लिकेशन होतं. दाट विणलेल्या मजकुराला हा शब्द शोभतो. सायकलचं पंक्चर कसं काढायचं, हे कुणी एक्स्प्लिकेट करत नाही.

घडीच्या या मुळानं इंग्रजीचं कपाट भरलेलं आहे. आत घडी घातलेलं ते इंप्लिसिट, आपण त्याला गर्भित म्हणतो. उघडून पसरलेलं ते एक्स्प्लिसिट. एकावर एक घड्या बसून गुंतलेलं ते कॉम्प्लिकेटेड. आणि सिम्पल म्हणजे मुळात एकाच घडीचं, मराठीत अगदी शब्दाला शब्द एकपदरी. डिस्प्ले आणि डिप्लॉय हेही घडी मोडून पसरण्याचेच शब्द. जुन्या लॅटिन हस्तलिखितांच्या शेवटी ‘एक्स्प्लिकित’ असं लिहिलेलं आढळतं. ग्रंथ गुंडाळीच्या स्वरूपात असत त्या काळाची ही खूण: गुंडाळी पूर्ण उलगडली, म्हणजे ग्रंथ संपला. मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, सोडून आतली गुंडाळी हातानं उलगडत वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

उलगडणं आणि सपाट करणं यांतला फरक रोमन लोकांना चांगला माहीत होता. रोमन वक्ता सिसेरोनं इ.स.पू. ४६ मध्ये ‘ब्रूटस’ या ग्रंथात सर्व्हियस सुल्पिसियस या कायदेपंडिताची तारीफ करताना दोन्ही क्रियापदं शेजारी ठेवली आहेत. आशय असा: जे दडलेलं आहे ते व्याख्या करून उलगडायचं, जे अंधुक आहे ते अर्थ लावून सपाट करायचं. घडीत लपलेलं वेगळं आणि खडबडीत असल्यामुळं कळत नाही ते वेगळं. दोन हजार वर्षांनंतरही शिकवणाऱ्यानं आधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, असं मला मनापासून वाटतं: समोरच्याला दिसत नाहीये, की दिसतंय पण पाय अडखळतोय? पहिल्याला व्याख्या लागते, दुसऱ्याला सोप्या शब्दांत पायऱ्या.

उरलेली क्रियापदं थोडक्यात. ‘एक्सपाउंड’मध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं आहे, आपलं ‘मांडणे’ त्याचा चपखल जोडीदार. गुळाच्या सौद्यात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ओळीनं मांडतात, की घेणाऱ्याला रंग आणि कणी पारखता यावी, तसं मत मांडणं. शेवटचा ‘ड’ लॅटिनमध्ये नव्हता, तो मागाहून वाटेत चिकटला. ‘क्लॅरिफाय’मधला ‘क्लारुस’ आधी आवाजाचा गुण होता, खणखणीत, आणि मग नजरेचा झाला. ‘इल्यूसिडेट’मध्ये उजेड आहे, लॅटिन ‘लुक्स’. हा लुक्स आणि संस्कृत ‘रुच्’ म्हणजे चमकणं, हे एकाच मुळाचे. जे चमकतं ते आवडतं, म्हणून रुची आणि आपलं ‘रुचणे’. त्यामुळं इल्यूसिडेट हा ‘रुचणे’चा दूरचा भाऊबंद लागतो.

आपल्या शब्दांकडंही याच नजरेनं पाहिलं पाहिजे. ‘स्पष्ट’ हा ‘स्पश्’ म्हणजे पाहणं या धातूचा, स्पेक्टॅकल्सच्या घराण्यातला. स्पष्ट करणं म्हणजे नजरेच्या टप्प्यात आणणं. ‘विवरण’ म्हणजे झाकण काढणं. ‘विशद’ म्हणजे स्वच्छ, पांढरं. ‘समजणे’ हे ‘सम्’ आणि ‘बुध्’ यांतून आलं, त्यात जागं होण्याचा अर्थ आहे, आणि ‘समजावणे’ म्हणजे दुसऱ्याला त्या जागेपणात आणणं. ‘खुलासा’ अरबी आहे, मूळ अर्थ सार, गाळून उरलेलं शुद्ध, आणि ‘खलास’ त्याच धातूचा. मराठीत आल्यावर ‘खुला’च्या शेजारी बसून त्याचा अर्थ उघड करून सांगणं असा झाला. इतके वेगवेगळे शब्द हाताशी असताना प्रत्येक इंग्रजी क्रियापदाला एकच ‘स्पष्टीकरण’ चिकटवणं म्हणजे भाषा उगाच गरीब करणं आहे.

वापरातली सगळ्यात मोठी चूक व्याकरणाची. ‘मला हे गणित समजावून सांग’ या वाक्यात ‘मला’ सरळ येतं, म्हणून आपण ‘एक्स्प्लेन मी धिस सम’ म्हणतो. इंग्रजीत ते चालत नाही. नुसतं ‘एक्स्प्लेन मी’ म्हटलं तर ‘मी काय प्रकार आहे ते सांग’ असा अर्थ होतो. जी गोष्ट सांगायची ती क्रियापदाला चिकटते आणि माणसाआधी ‘टू’ लागतो: ‘एक्स्प्लेन धिस सम टू मी’. सांगायची गोष्ट लांबलचक असली तर ती शेवटी ढकलतात, पण ‘टू’ राहतोच: ‘एक्स्प्लेन टू मी व्हाय द पंप स्टॉप्ड’. टेल, शो, टीच, गिव्ह या उच्चारात एकाच अक्षराच्या (सिलॅबलच्या) जुन्या घरगुती क्रियापदांना माणूस सरळ जोडता येतो. एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, इंट्रोड्यूस हे बाहेरून आलेले, जोर शेवटच्या अक्षरावर असलेले शब्द ‘टू’ मागतात. ऑफर आणि प्रॉमिस बाहेरचे असूनही सरळ चालतात, कारण त्यांचा जोर पहिल्या अक्षरावर आहे. लेखी इंग्रजीत एक्स्प्लेननंतर ‘अबाउट’ही लागत नाही.

अभ्यासिकांत बसणाऱ्यांसाठी प्रश्नपत्रिकेतला फरक महत्त्वाचा आहे. कोल्हापूरच्या पंचगंगेचा पूर घ्या. ‘डिस्क्राइब’ विचारलं तर वर्णन: राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, कोणत्या वस्त्या बुडाल्या, रस्ते किती दिवस बंद राहिले. ‘एक्स्प्लेन’ विचारलं तर यातला एकही आकडा पुरेसा नाही, कारणांची साखळी हवी. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस होतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकाच वेळी फुगतात आणि सगळं पाणी पंचगंगेत येतं. भोगावतीवरचं राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि त्यात भर पडते. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच पुरात असली की तिच्या फुगीमुळं पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही आणि शहराकडं चढत राहतं. इथं ‘फुग’ हा शब्द ढेकूळ आहे. नदीकाठच्या माणसाला तो कळतो, पण पेपर तपासणारा विदर्भातला असू शकतो. ‘पुढच्या नदीची पातळी वर असल्यानं मागच्या नदीचं पाणी अडून राहणं’ एवढं एक वाक्य जोडलं की रान सपाट झालं. बोर्डाच्या पेपरातलं ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हे याच जातीचं. ‘इल्यूसिडेट’ यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वारंवार दिसतं. तिथं एक विधान आधीच दिलेलं असतं आणि त्यावर उदाहरणांनी उजेड पाडायचा असतो. कारणांची नुसती साखळी दिली की उत्तर अर्धं राहतं.

कचेरीत मात्र हा शब्द वेगळ्या तोंडानं बोलतो. ‘साहेबांनी एक्स्प्लनेशन मागवलंय’ म्हणजे कुणाला काही शिकायचं नसतं, झालेल्या गोष्टीचा जाब द्यायचा असतो. मराठी पत्रात त्याला ‘खुलासा सादर करावा’ म्हणतात, आणि तो योग्य शब्द आहे. तिथं लिहिताना तारीख, वेळ, कोणाच्या सांगण्यावरून काय केलं आणि कोणता कागद सोबत जोडला, या क्रमानं लिहावं. कारणं आधी आणि घटना मागून आली की वाचणाऱ्याला ती सबब वाटते. ‘एक्स्प्लेन अवे’ हा प्रयोग तर सरळ दोषाचा आहे: अडचणीची गोष्ट शब्दांनी गुळगुळीत करून नाहीशी करणं. याला मराठीत सारवासारव म्हणतात. त्यातही सपाटीच आहे, पण ती शेणकाल्याची. जमीन उकरून, चोपून मग सारवली तर ती टिकते. उंदरानं पोखरलेल्या बिळावर वरवर हात फिरवला, तर वाळल्यावर तिथंच पोपडा सुटतो आणि बीळ परत दिसतं.

राहता राहिलं आपलं ‘इस्कटून सांग’. इंग्रजीत हे न्यायचं असेल तर ‘एक्स्प्लेन’ लिहू नये, त्यात ढीग फोडण्याचा भाग हरवतो. इंग्रजीत ‘ब्रेक इट डाउन फॉर मी’ म्हणतात, मोठा गोळा फोडून छोट्या तुकड्यांत दे, आणि ते बरोब्बर आपलंच आहे. फक्त इथं ‘टू मी’ नाही, ‘फॉर मी’ म्हणायचं.